कोऱ्या झबल्यांची चोरी

१

शनिवारी सकाळी शुभंकरने वरचं खोकं बाजूला ठेवून त्याखालचं फोडलं, आत हात घातला आणि बाळाच्या झबल्याऐवजी एक विंटर जॅकेट बाहेर काढलं. काळं, जाड, गळ्याशी फर लावलेलं. ते हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला.

कॅनडातल्या वॉन शहरातल्या त्या गोडाऊनमध्ये आम्ही सगळे एकाच कामासाठी जमलो होतो. सुदानमध्ये लढाई पेटल्यापासून लाखो माणसं सरहद्द ओलांडून शेजारच्या चाडमध्ये आली आहेत, आणि त्यांत दिवस गेलेल्या बायकाही पुष्कळ. त्या छावणीतल्या तंबूत बाळंत होतात. जगभरातून तिथे मदत जाते, कुणी धान्य देतं, कुणी औषधं. आमची ‘सेतू’ ही चिमुकली संस्था बाळंतपणाचे संच पाठवते. साबण, ब्लेड, नाळ बांधायची दोरी, स्वच्छ चादर, चंदेरी ब्लँकेट, लोकरीची टोपी आणि एक सुती झबलं. एका आईला एक पिशवी.

पॅकिंग एरवी रविवारी दुपारी असतं. पण या वेळी ट्रक एक दिवस अलीकडे ठरला, म्हणून देवयानीने काल रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला की सगळ्यांनी उद्या सकाळीच या. संध्याकाळी पाचला ट्रक. तो चुकला तर पुढच्या विमानात जागा महिन्याभराने, आणि तोवर चाडच्या त्या भागात पाऊस लागून रस्ते बंद होतात. आमची ऊर्मी, मूळची ग्वेल्फची नर्स, तिथे बाळंतपणं करते. तिच्याकडचे संच संपत आले होते.

झबल्यांची सहा खोकी होती, एकावर एक रचलेली. शुभंकरने एकेक उघडली. एकातही झबलं नव्हतं. ग्वेल्फच्या एका कारखान्याने दिलेली तीनशे नवी कोरी झबली रातोरात गायब झाली होती.

“एक वस्तू जरी कमी असली तरी तिकडची संस्था अख्खा संच नाकारते,” देवयानी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण हातातला पेन तिने असा दाबला की टोपण उडून पडलं.

“पोलिसांना फोन करू?” शुभंकरने विचारलं. काल शेवटी कुलूप लावून गेला होता तो, त्यामुळे त्याचा चेहरा पडला होता.

“पोलीस आले तर पिवळी पट्टी लावतील. मग ट्रक रिकामा जाईल.” देवयानी माझ्याकडे वळली. “केझिया, तू रोज हेच करतेस ना? पाचपर्यंत झबली शोधून दे.”

२

मी इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासते. लोक मला दिवसभर खोटं सांगतात आणि ते ऐकण्याचा मला पगार मिळतो. माझा जन्म इथला, पण शाळा वसईची. मम्मी-पप्पा इथे दोन-दोन शिफ्ट करायचे, म्हणून मला आजीकडे ठेवलं होतं. त्यामुळे मला दोन्हीकडचं खोटं ओळखता येतं. फक्त आजवर बाळाचे कपडे पळवणारा कुणी भेटला नव्हता.

चोर शिरला कसा, हा प्रश्नच नव्हता. गोडाऊनच्या दाराशी आकड्यांची एक डबी लटकते, किल्ली तिच्यात. आकडे सगळ्या स्वयंसेवकांना पाठ. ती डबी कशाला लावलीय हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी खोक्यांकडे गेले. भरलेली जॅकेटं ओळखीची होती. चाडच्या वाळवंटासाठी आमच्या दानशूर मंडळींनी जी जाडजूड जॅकेटं आणून दिली होती, त्यांचा ढीग आम्ही महिनाभर कोपऱ्यात ठेवलाय. चोराने त्यांतलीच उचलली होती.

“वजन लागावं म्हणून भरली,” शुभंकर म्हणाला. “म्हणजे कळू नये.”

“मग हे?” मी सगळ्यात वरचं खोकं पुढे केलं. त्यात काहीच नव्हतं. जॅकेट नाही, कागदाचा बोळाही नाही. “कळू नये म्हणून भरायचं, तर सगळ्यात आधी वरचं भरायला हवं. पहिला हात त्यालाच लागतो.”

खालची पाच गच्च भरलेली आणि वरचं रिकामं. मी ते मनाच्या एका कोपऱ्यात ठेवलं आणि कचऱ्याचा डबा उलटा केला. माझ्या धंद्यात माणसांपेक्षा कचरा जास्त खरं बोलतो.

डब्यात कागदी लेबलांची एक पिशवी निघाली. झबल्यांच्या गळ्याला असतात ती, किंमतीची आणि मापाची. सोबत ती टोचणारी प्लॅस्टिकची बारीक टोकंही, एकूण एक कापलेली. आणि झबल्यांवरची पातळ प्लॅस्टिकची आवरणं मात्र फेकलेली नव्हती. ती फडताळात सापडली, एकेक सारखी करून, तिकोनी घडी घालून, रबर लावून.

“केझियाताई, हा कुणीतरी आपल्यातलाच आहे,” शुभंकर हळूच म्हणाला.

ते मलाही दिसत होतं. फुकटच्या प्लॅस्टिकची तिकोनी घडी घालणारा चोर मराठी असण्याची शक्यता बरीच होती. पंचाईत एवढीच, की आमच्या यादीतला एकूण एक माणूस तशीच घडी घालतो.

३

मी मागच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या आणि एकेकाला बोलावलं.

पहिला शुभंकर. सांगलीचा, कॉलेज संपवून इथेच नोकरी करणारा, पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा अर्ज टाकून दिवस मोजणारा. काल सहा वाजता त्याने कुलूप लावलं आणि तो कॉफीच्या दुकानात शिफ्टला गेला.

“जाताना काही वेगळं दिसलं?”

“काही नाही. टोप्या तेवढ्या यायच्या होत्या, त्या नंतर येणार होत्या.”

“आल्या का?”

“आल्या ना. सकाळी टेबलावर होत्या.” तो खुर्चीच्या कडेला आला. “ताई, माझं नाव यात आलं तर माझी फाईल अडकेल का हो?”

“झबल्यांवरून कुणाची फाईल अडकत नाही,” मी म्हटलं. मला त्याची खात्री नव्हती, पण तो रडायच्या बेतात होता.

दुसरा निहार. हा माझ्या मम्मीच्या बेसमेंटमधला भाडेकरू, नुकताच कोल्हापूरहून आलेला. हा आत आला तो सोनेरी कशिदा केलेल्या शेरवानीत. पायात मात्र सेफ्टी बूट.

“लग्न कुणाचं?” मी विचारलं.

“कुणाचंच नाही, ताई.”

“मग खोकी उचलायला हा पोशाख?”

“धुतलेलं एवढंच होतं.” तो लाजला. “शनिवार सकाळ माझी लॉन्ड्रीची टर्न. पण आज मशीन मिळालं नाही. मग येताना आईने बॅगेत कोंबलेली ही शेरवानी घातली. भावाच्या लग्नातली आहे.”

तीन-चार वर्षांच्या अनुभवाने सांगते, ज्याच्या कपड्यांकडे आपलं लक्ष जातं तो बहुधा निर्दोष असतो. मी त्याला काल रात्रीबद्दल विचारलं. तो वॉटर्लूला मित्राकडे गेला होता, पहाटेच्या बसने परतला. मित्राने फोनवर तेच सांगितलं, आणि वर निहार त्याचं सगळं श्रीखंड संपवून गेल्याची तक्रारही केली.

तिसरी देवयानी. एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर, आणि ‘सेतू’तही तशीच.

“माझ्यावर पण संशय?” तिने बसायच्या आधीच विचारलं.

“तू बस तर.”

“हे बघ, मला कारण काय? उलट सगळ्यांच्या सजेशन्सना मीच आवर घालते. आईंना वाटतं झबली पाठवूच नयेत. कुणाला ती मऊ हवीत. कुणाला पिशवीत खारीक-खोबरं घालायचंय. सगळ्यांना माझं एकच उत्तर असतं, तिकडच्या संस्थेच्या यादीत, स्पेकमध्ये लिहिलंय तेच जाणार. नवीन, सुती, एक.”

“सासूबाई नको का म्हणतात?”

“ते तू त्यांनाच विचार,” देवयानी म्हणाली आणि तिने नजर दुसरीकडे वळवली.

४

त्याआधी मला टोप्यांचं बघायचं होतं. त्या कुणी आणल्या हे मला माहीत होतं. चर्चच्या बायकांनी विणलेल्या टोप्या गोळा करण्याचं काम माझी मम्मी करते, आणि पप्पा त्या व्हॅनमधून आणून टाकतात. दोघं आज आली नव्हती, पण त्यात नवल नव्हतं. शनिवारी त्यांचं चर्चचं काही ना काही चालू असतं.

मी फोन लावला. तो बराच वेळ वाजला.

“मम्मी, काल तुम्ही टोप्या ठेवायला आलात तेव्हा गोडाऊनमध्ये कुणी होतं?”

“कोण असणार? कुणी नव्हतं.” ती धापा टाकत होती. “केझिया, आज पाऊस आहे का गं? तुझ्या फोनवर बघ ना. माझ्यावर नुसता सूर्य दाखवतोय आणि वर तर ढग आलेत.”

“संध्याकाळी आहे म्हणतायत. मम्मी, नीट आठव. दार उघडं होतं का?”

“संध्याकाळी म्हणजे किती वाजता?”

मी कपाळावर हात मारला. गेल्या वर्षी मम्मीने बॅकयार्डमधल्या डेकवर बोंबील वाळत घातले होते. आजूबाजूच्या तीन घरांनी गॅस गळतीची तक्रार केली, आणि फायर ब्रिगेडचे दोन दांडगे जवान पप्पांसोबत बोंबील खाऊन परत गेले. या वर्षी पुन्हा तेच दिसत होतं.

“चारनंतर,” मी म्हटलं. “आणि झाकून ठेव, कावळे येतील.”

“कावळे कशाला येतील?” मम्मी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मला तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण दुपारचा एक वाजून गेला होता, आणि मला ताराबाई दिसत होत्या. देवयानीच्या सासूबाई, सिन्नरहून सुनेकडे आलेल्या. त्या टेबलाशी बसून चादरींच्या घड्या घालत होत्या, आणि मधूनच मान वर करून माझ्याकडे बघून हसत होत्या. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

५

“काकू, तुमचं म्हणणं होतं की झबली पाठवू नयेत,” मी समोर बसत म्हटलं.

“होतंच. अजूनही आहे.” ताराबाईंनी घडी मोडली नाही. “बाळंतविडा बाळ झाल्यावर न्यायचा असतो. पोटात असताना त्याचे कपडे घरात आणायचे नसतात. त्या बिचाऱ्या आधीच लढाईतून आल्यात, त्यात आपण अपशकुन कशाला करायचा?”

“म्हणून तुम्ही काल रात्री झबली बाजूला काढलीत.”

देवयानीने डोळे मिटले. निहार शेरवानीसकट खोक्यांच्या मागे सरकला.

ताराबाई मात्र खुशीत आल्या. या वयात आपल्यावर चोरीचा आळ येईल असं त्यांना वाटलं नसावं.

“मी कशी गेले म्हणे? मला इथली बस कळत नाही आणि गाडी येत नाही.”

“कुणीतरी सोडलं असेल.”

“बरं. आणि टोप्या?” त्यांनी टेबलावरचा ढीग दाखवला. “त्या कशा ठेवल्या मी? अपशकुन झबल्याचा होतो आणि टोपीचा होत नाही का? मी नेलं असतं तर टोप्या, ब्लँकेटं, बाळाचं म्हणून जे जे आहे ते सगळं नेलं असतं. आणि तुला सांगून नेलं असतं. चोरून कशाला नेऊ? रोज सकाळी ग्रुपवर फुलं टाकते ती चोरून टाकते का?”

त्यांचं खरं होतं. टोप्या होत्या, ब्लँकेटं होती. गेली होती ती फक्त झबली. म्हणजे चोराला बाळाच्या वस्तू नको होत्या असं नव्हे. त्याला झबलीच हवी होती. पण लेबलं कापलेल्या झबल्यांना बाजारात कोण विचारतो?

“उगाच वेळ घालवतेयस,” ताराबाई पुढची चादर उलगडत म्हणाल्या. “आता माझ्या नातवाचंच बघ. हिला बाळ झालं तेव्हा हिच्या मैत्रिणींनी ढीगभर नवे कपडे आणले. मी बारशापर्यंत एकाला हात लावू दिला नाही. माझं जुनं पातळ फाडून त्याची झबली शिवली. कोरा कपडा बाळाच्या अंगाला कुणी लावतं का?”

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली.

“काय झालं?” देवयानीने विचारलं.

“गाडी काढ,” मी म्हटलं. “सगळे चला. आणि माझी एक विनंती आहे, चोराला जास्त बोलू नका. ती माझी आई आहे.”

६

वुडब्रिजला मम्मीच्या घरी जायला पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात मी त्यांना सगळं सांगितलं.

वरचं खोकं रिकामं होतं, कारण चोराला काही लपवायचंच नव्हतं. खोकी रिकामी ठेवली असती तर वरच्यांच्या भाराने खालची चेपून रचलेली चळत कोसळली असती. म्हणून खालची भरली. वरच्यावर काही ठेवलेलं नव्हतं, मग ते भरायचं कशाला? खोक्यांची एवढी काळजी घेणारा माणूस माल परत आणून ठेवणार असतो.

लेबलं कापली होती. विकायचं असेल तर लेबल कुणी कापत नाही. ती धुवायच्या आधी कापतात. टोप्या घरच्या विणलेल्या, आधीच धुतलेल्या. ब्लँकेट बाळाला वरून गुंडाळायचं. अंगाला थेट लागणारा कोरा कपडा एकच होता.

“आणि निहारला आज मशीन मिळालं नाही,” मी म्हटलं. “निहार, का नाही मिळालं?”

“आंटी म्हणाल्या बिझी आहे. रात्रीपासून वरून घुर्रघुर्र आवाज येतोय असं खालचा रूममेट पण म्हणाला.” निहारने डोक्याला हात लावला. “मला वाटलं पाहुणे आलेत.”

“मला तर ती स्वतः सांगत होती,” मी म्हटलं. “आज पाऊस आहे का, कधी आहे. आणि मी तिला कावळ्यांचं सांगत बसले.”

ताराबाई मागच्या सीटवर पदर तोंडाला लावून हसत होत्या. देवयानी हसत नव्हती. ती रस्त्याकडे बघत गाडी चालवत होती, आणि तिचा वेग मर्यादेपेक्षा थोडा जास्त होता. घड्याळात दोन वाजत आले होते.

७

बॅकयार्डचं फाटक उघडलं आणि आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो.

डेकपासून मेपलच्या झाडापर्यंत, झाडापासून कुंपणापर्यंत आणि कुंपणापलीकडे शेजारच्या सरदारजींच्या अंगणातही दोऱ्या बांधल्या होत्या. त्यांवर तीनशे पांढरी झबली वाळत होती. डेकवर पप्पा, म्हणजे माझे वडील रोनाल्ड, खुर्ची टाकून एकेका झबल्यावर हेअर ड्रायर फिरवत होते.

“मी तिला सांगितलं होतं,” कुणी काही विचारायच्या आत पप्पा म्हणाले.

मम्मी दोन बादल्यांच्या मधून बाहेर आली. लुर्डस डिमेलो, पासष्टीची, तोंडात चार चिमटे. तिने आम्हाला पाहिलं, चिमटे काढले आणि खूश होऊन म्हणाली, “आलात का मदतीला? उद्या चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी आणणारच होते.”

“मम्मी, पॅकिंग आज आहे. ग्रुपवर मेसेज आला होता.”

“तो ग्रुप मी म्यूट केलाय. रोज उठून ताराबाईंची फुलं…” तेवढ्यात तिला मागे उभ्या असलेल्या ताराबाई दिसल्या. “छान असतात हो फुलं,” ती म्हणाली.

“आंटी,” देवयानी पुढे झाली, “ट्रक पाचला आहे. सकाळपासून आम्ही पोरांकडे चोरासारखं बघतोय. शुभंकरचं तोंड बघा.”

मम्मीने शुभंकरकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने त्याचा हात धरला. “माझं चुकलं, बाबा. मला वाटलं उद्या सकाळपर्यंत वाळतील आणि कुणाला कळणारही नाही.”

“पण विचारायचंत तरी,” देवयानी म्हणाली.

“विचारलं होतं. गुरुवारी. म्हटलं, यांना खळ आहे, ती कडक आहेत, जरा मऊ करू. तू म्हणालीस, स्पेकमध्ये नाही.”

देवयानीला आठवलं. ते तिच्या तोंडावर दिसलं.

“अगं, आपल्याकडे पोर झालं की आजीचं लुगडं असतं, आईची साडी असते,” मम्मी सांगू लागली. “जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला कपडा घरात असतोच. त्याच्यात बाळ गुंडाळायचं. त्या बायका नेसत्या कपड्यांनिशी पळाल्यात. त्यांच्याकडे जुनं काही कुठून असणार? आपण नवं पाठवू शकतो, जुनं कोण पाठवणार? म्हणून म्हटलं, तीनदा धुवावं, म्हणजे थोडं तरी जुनं होईल.”

ताराबाईंनी दोरीवरचं एक झबलं बोटांनी चाचपलं आणि मान हलवली.

देवयानीने खोल श्वास घेतला. “स्पेकमध्ये नवीन लिहिलंय. धुऊ नये असं लिहिलेलं नाही. पण मी अंदाजावर माल पाठवत नाही.” तिने फोन काढला आणि छावणीत ऊर्मीला लावला.

ऊर्मीचा आवाज तुटत तुटत आला. मागे कुणाचं तरी पोर रडत होतं.

“धुतलेली आहेत? बरं झालं. इथेही बायका कोरं झबलं आधी धुतात, तेही प्यायच्या पाण्यातून काढून. साबण वासाचा नव्हता ना?”

“साधा,” मम्मी ओरडली. “बिनवासाचा.”

“मग पाठवा. पण देवयानी, एक सांगते. पूर्ण वाळलेली पाठव. थोडी जरी दमट आली तरी पिशवीत बुरशी धरेल आणि मला एकही वापरता येणार नाही.”

देवयानीने दोरीवरचं झबलं दाबून पाहिलं. ओलं होतं. अर्धीअधिक ओली होती. आणि माझ्या नाकावर पावसाचा पहिला थेंब पडला.

८

पुढचे दोन तास देवयानी काय चीज आहे ते मी पाहिलं.

“घरचा ड्रायर?” तिने विचारलं.

“दुपारी बंद पडला,” पप्पा हेअर ड्रायर दाखवत म्हणाले. “म्हणून तर हे.”

“गल्लीत किती घरं ओळखीची?”

“सगळीच,” मम्मी म्हणाली. “सगळ्यांनी बोंबलाची तक्रार केलीय.”

देवयानीने झबल्यांचे गठ्ठे केले आणि प्रत्येकाला एकेक घर वाटून दिलं. सरदारजींकडे शुभंकर, समोरच्या इटालियन आजोबांकडे मी, कोपऱ्यावरच्या तमिळ कुटुंबाकडे पप्पा. शेरवानीतला निहार ज्या दारात गेला तिथे त्यांना वाटलं कुणीतरी लग्नाची पत्रिका घेऊन आलाय, त्यामुळे त्याला आधी मिठाई मिळाली. ड्रायर मंद आचेवर लावायचा, झबलं आखडू द्यायचं नाही, ही सूचना ताराबाई प्रत्येक घरात जाऊन मराठीत देत होत्या, आणि लोक माना डोलवत होते. बाहेर पाऊस कोसळत होता. आमच्या गल्लीतले सगळे ड्रायर एका वेळी फिरत होते.

इटालियन आजोबांनी मला विचारलं, हे कपडे कुठे चाललेत. मी सांगितलं. ते आत गेले आणि स्वतःची इस्त्री घेऊन बाहेर आले.

पप्पांच्या व्हॅनमधून आम्ही गोडाऊनला परत आलो तेव्हा सव्वाचार झाले होते. देवयानीने प्रत्येक झबलं स्वतःच्या गालाला लावून पाहिलं. एक तिने दमट म्हणून बाजूला काढलं, ते पप्पांनी हेअर ड्रायरने तिथल्या तिथे वाळवलं. साबण, ब्लेड, दोरी, चादर, ब्लँकेट, टोपी, झबलं. हातांची साखळी झाली. खारीक-खोबरं कुणालाही घालू दिलं नाही.

पाचला ट्रक आला. तीनशे पिशव्या चढल्या. देवयानीने दार लावून सील ठोकलं आणि शुभंकरच्या पाठीवर थाप मारली. त्याने दिवसभरात पहिल्यांदा श्वास नीट सोडला.

“आंटी,” देवयानी मम्मीला म्हणाली, “पुढच्या खेपेला धुण्याचा एक दिवस मी शेड्यूलमध्येच घालते. पण ग्रुप अनम्यूट करा.”

“करते,” मम्मी म्हणाली. ताराबाई ऐकत होत्या, म्हणून तिने ते तिथल्या तिथे केलं.

ट्रक वळणावरून दिसेनासा झाला. पाऊस थांबला होता. बाकीचे आत चहा घेत होते आणि मम्मी दाराशी उभी होती, दिवसभराच्या धुण्याने तिची बोटं सुरकुतली होती. मी तिच्याजवळ गेले.

“मम्मी, मी झाले तेव्हा मला कशात गुंडाळलं होतंस?”



“जानेवारी होता. आम्हाला येऊन चार महिने झाले होते,” ती म्हणाली. “परदेशात जायचं म्हणून आईने माझं सगळं नवं शिवून दिलं होतं. जुनं एक फडकं आणलं नव्हतं गं. तू नव्या कपड्यात रडायचीस, अंगभर लाल व्हायचीस. मी पण रडायची. भिंती पातळ होत्या, शेजारी ऐकू जायचं.”

“मग?”

“शेजारी एक म्हातारी इटालियन बाई राहायची. एक दिवस तिने दार वाजवलं. हातात तिच्या नवऱ्याचा जुना शर्ट होता, चार तुकडे केलेला. नवरा नुकताच गेला होता तिचा. तिला इंग्लिश येत नव्हतं, मला इटालियन येत नव्हतं. तिने तुला माझ्या हातातून घेतलं, त्या शर्टात गुंडाळलं आणि परत दिलं. तू झोपलीस.”

“तिचं नाव काय होतं?”

“विचारायचं राहिलंच,” मम्मी म्हणाली, आणि ट्रक गेला त्या रस्त्याकडे बघत राहिली.